आखाड्यावरचे सेल उन्हावर भरताना

आमच्या शेताला थ्री फेजची लाईट आलटून-पालटून येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की माझे दीर आणि आमचा सालगडी जेवणं उरकून आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या पत्र्याच्या खोलीवर, जातात आणि पहाटेपर्यंत उसाला दारं धरतात. औसा तालुक्यातली ही काळी जमीन. तिच्यात पाणी सोडलं की भेगांतून, बिळांतून जे काही असेल ते वर येतं. घोणस आणि मण्यार आमच्याकडं नवलाची नाही. अशा वेळी हातातली बॅटरी पिवळी पडली तर पुढचं पाऊल कुठं टाकावं हेच कळत नाही. मोबाईलचा उजेड असतो, पण तो हातभर अंतरापुरता. शिवाय ओल्या हातानं, चिखलात फोन सांभाळणं अवघड.

म्हणून आमच्या घरात सेल हा मिठासारखा कायम लागणारा जिन्नस होता. दोन हातबॅटऱ्या, एक रेडिओ, सासूबाईंचं बीपीचं यंत्र, सगळं पेन्सिल सेलवर, म्हणजे डबल ए मापाच्या सेलवर. गावातल्या दुकानात दहा-पंधरा रुपयांना मिळणारे कार्बनचे सेल एलईडी बॅटरीत घातले की पहिल्या रात्री झकास चालतात आणि मग झपाट्यानं उतरतात. संपलेले सेल जायचे उकिरड्यावर. उकिरड्याचं खत उन्हाळ्यात शेतात पडतं आणि त्याबरोबर जस्ताची गंजलेली नळकांडी आणि आतली काळी पूड हेही शेतात पडतं. नांगरटीनंतर नांगराच्या तासात सेलचे तुकडे सापडायचे, ते मी वेचून आणायचे. आतली कार्बनची काडी काढून पोरं भिंतीवर रेघोट्या मारतात, हे तर मी शाळेत रोज बघते. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवत असताना आपल्याच शेतात हे चाललंय, ही गोष्ट मला फार टोचत होती.

पुन्हा भरता येणारे सेल म्हणजे निकेल मेटल हायड्राइडचे. ते बाजारात मिळतात आणि त्यांचा चार्जरही मिळतो. घरच्या प्लगवर भरून न्यावेत, संपलं, असं कुणीही म्हणेल. पण वादळवारा सुटला की गावठाणची लाईटही जाते. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली तर ती बदलून येईपर्यंत कधी कधी बरेच दिवस जातात आणि नेमक्या त्याच दिवसांत बॅटरीची सगळ्यात जास्त गरज पडते. त्यात आखाडा गावापासून लांब. सेल न्यायचे, आणायचे, चार्जरला लावायचे हे काम घरातल्या कुणीतरी लक्षात ठेवायचं असतं आणि गडबडीच्या हंगामात ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. सेल जिथं संपतात तिथंच भरले जावेत, एवढाच माझा विचार होता.

आखाड्यावर काचेचं छोटं सौर पॅनेलही लावता आलं असतं. पण आमच्या आखाड्यावर वानरं येतात, पत्र्यावर दणादण उड्या मारतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीची भीती असते. २०१४ साली याच महिन्यांत मराठवाड्यात झालेली गारपीट ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. शिवाय आखाड्यावर रात्रंदिवस माणूस नसतो, त्यामुळं उघड्यावरची वस्तू राहील याची खात्री नाही. सालगड्याला संध्याकाळी गुंडाळून पेटीत टाकता येईल आणि सकाळी पुन्हा पसरता येईल अशी वस्तू हवी होती. तिथून मी लवचिक सौर पट्टीकडं वळले.

लवचिक म्हणून जे विकलं जातं त्यात दोन अगदी वेगळ्या जाती आहेत आणि घेण्याआधी हा फरक कळलेला बरा. एक म्हणजे नेहमीच्याच स्फटिक सिलिकॉनच्या पातळ चकत्या प्लास्टिकच्या थरांत दाबून केलेलं पॅनेल. ते थोडंसं वाकतं. गाडीच्या टपाच्या बाकापुरतं ठीक. पण गुंडाळता येत नाही. जास्त वाकवलं की आतल्या चकत्यांना डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा जातात आणि करंट हळूहळू कमी होतो. दुसरी जात अमॉर्फस सिलिकॉनची. यात सिलिकॉनचा अतिशय पातळ थर थेट प्लास्टिकच्या किंवा पोलादी पातळ पत्र्यावर चढवलेला असतो. हा थर स्फटिकाच्या रूपात नसतोच, त्यामुळं ही पट्टी खरोखर गुंडाळता येते. १९७६ साली अमेरिकेत आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत डेव्हिड कार्लसन आणि ख्रिस्तोफर व्रॉन्स्की यांनी असा पहिला सौर सेल करून दाखवला. १९८०च्या सुमारास जपानमध्ये तो कॅल्क्युलेटरवर आला. कॅल्क्युलेटरच्या माथ्यावर जी काळपट तांबूस पट्टी दिसते ती याच जातीची.

अमॉर्फसचं दुबळेपण म्हणजे तो कमी वीज देतो. स्फटिक पॅनेल आज पडलेल्या उन्हातला पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्तच विजेत बदलतं, अमॉर्फस पट्टी त्याच्या निम्म्याहून कमी. माझी पट्टी २७ सेंटीमीटर लांब, १५ सेंटीमीटर रुंद. तिच्यावर लिहिलंय ७.२ व्होल्ट, २०० मिलीअँपिअर, म्हणजे दीड वॅटसुद्धा नाही. एवढ्याच आकाराच्या काचेच्या पॅनेलनं याच्या कितीतरी पट दिलं असतं. पण मला पंखा चालवायचा नव्हता. चार पेन्सिल सेल भरायचे होते आणि त्यासाठी हा करंट जणू मापून घेतल्यासारखा आहे. तो कसा, ते सांगते.

पेन्सिल सेलवर २००० मिलीअँपिअर-तास लिहिलेलं असतं, म्हणजे त्यात किती वीज मावते त्याचं माप. त्याच्या दहाव्या हिश्शानं, म्हणजे २०० मिलीअँपिअरनं, तो सेल चौदा ते सोळा तासांत भरतो. आकडेमोडीनं दहाच तास लागायला हवेत, पण घातलेलं सगळं साठत नाही, काही उष्णतेत जातं, म्हणून दीडपट धरायचं. या संथ भरण्याचा मोठा फायदा असा की सेल भरून गेल्यावरही थोडा वेळ करंट चालू राहिला तर सेलचं फारसं बिघडत नाही. झटपट चार्जरमध्ये सेल भरल्याचं ओळखून थांबणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा लागते. ती ओळखते कशावरून, तर सेल पूर्ण भरल्यावर त्याचा व्होल्टेज जो किंचित उतरतो त्यावरून. ढग आला की करंट उतरतो, व्होल्टेजही उतरतो आणि ती यंत्रणा फसते. संथ भरण्यात तिची गरजच पडत नाही.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांनाही सांगायला मला आवडते. सौर पट्टी ऊन जेवढं पडेल तेवढाच करंट देते. विहिरीवर कितीही मोठी मोटर बसवा, झरा देतो तेवढंच पाणी मिळतं, तसं. त्यामुळं पट्टी आणि सेल यांच्यामध्ये करंटला मर्यादा घालणारं काही बसवावं लागत नाही. पट्टीची दोन टोकं एकमेकांना टेकली तरी पट्टीला इजा होत नाही. सेलचं मात्र तसं नाही. भरलेल्या सेलची टोकं टेकली तर तार तापून लाल होऊ शकते, म्हणून सेलचा होल्डर झाकणाचा घ्यावा आणि खिळे-पान्यांच्या पेटीत उघडे सेल कधीच टाकू नयेत.

लातूरला गंजगोलाईजवळच्या एका सुट्या भागांच्या दुकानातून बाकीचं सामान घेतलं. चार सेलचा होल्डर, लाल-काळी वायर आणि एक शॉट्की डायोड, वन एन ५८१९. हा डायोड अगदी किरकोळ किमतीचा, पण त्याच्याशिवाय काम होत नाही. दिवसा पट्टीकडून सेलकडं करंट जातो, रात्री पट्टीवर ऊन नसलं की सेल उलटे पट्टीत रिकामे व्हायला लागतात. डायोड एकाच बाजूनं वाट देतो. त्याच्यावरची पांढरी रेघ सेलच्या धन टोकाकडं ठेवायची. नेहमीचा वन एन ४००७ डायोडही चालला असता, पण तो वाटेत ०.७ व्होल्ट खातो, शॉट्की ०.३ ते ०.४. छोट्या पट्टीला एवढं वाचणंही मोलाचं. काही पट्ट्यांत डायोड आधीच बसवलेला असतो, तेवढं विचारून घ्यावं.

दुकानात रेडिओ दुरुस्त करणारे एक वयस्क गृहस्थ बसतात. पट्टी हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "बाई, डाक देताना इस्त्री लई वेळ टेकवू नका, प्लास्टिक वितळंल. आन् जोडावर त्यो गरम गोंद लावायलाव का? नका लावू. आपल्या उन्हात त्यो मऊ पडून सुटतंय. सिलिकॉन लावा, खिडकीच्या काचंला लावतेत त्ये." त्यांचं हे सांगणं लाखमोलाचं होतं. लवचिक पट्टीत सगळ्यात आधी काही तुटत असेल तर कडेचा वायरचा जोड. रोज गुंडाळताना-पसरताना तिथंच ताण येतो. मी जोडापासून पुढची वायर कडेच्या मोकळ्या जागेत नागमोडी फिरवून सिलिकॉननं पक्की केली, म्हणजे कुणी वायर ओढली तरी ओढ जोडापर्यंत पोचत नाही. चार्जरच्या सगळ्या तयारीत मला सर्वांत जास्त वेळ लागला तो या बोटभर जागेला आणि तो सार्थकी लागला.

पहिली पाहणी घराच्या माळवदावर केली. मल्टिमीटर लावून पट्टी दक्षिणेकडं तिरपी धरली तेव्हा दुपारच्या उन्हात लेबलपेक्षा जास्त करंट दिसला. पुढच्या काही आठवड्यांत तो उतरत उतरत लेबलवरच्या आकड्यापाशी येऊन थांबला. नवी अमॉर्फस पट्टी उन्हात ठेवली की सुरुवातीला तिची ताकद कमी होते आणि मग ती स्थिरावते. स्टेब्लर आणि व्रॉन्स्की यांनी हे १९७७ साली नोंदवलं. चांगले उत्पादक स्थिरावल्यानंतरचाच आकडा छापतात. या परिणामाची एक बाजू आमच्या मुलखाला मानवणारी आहे. पट्टी चांगली तापली की उतरलेल्या ताकदीतला काही भाग परत येतो. तापलेलं स्फटिक पॅनेल दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज गमावतं, अमॉर्फस त्याच्या निम्मंच. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पॅनेल साठ-पासष्ट अंशांवर जातं, तेव्हा हा फरक जाणवण्याएवढा असतो.

माळवदावर एक गंमतीची नव्हे, कामाची गोष्ट नजरेस आली. कपडे वाळत घालायच्या तारेची सावली पट्टीवरून सरकत होती. बोटाएवढीही जाड नाही, तरी एका क्षणी मीटरवरचा आकडा धाडकन खाली आला. थोड्या वेळानं सावली तशीच होती पण आकडा पुन्हा चढला होता. पट्टी जवळून पाहिली. तिच्यावर एकाशेजारी एक असे लांबट पट्टे असतात, प्रत्येक पट्टा म्हणजे एक सौर सेल आणि सगळे सेल एकामागे एक साखळीत जोडलेले. तारेची सावली एखाद्या पट्ट्यावर लांबीनं पडली की तो एक सेल झाकला जातो, आणि साखळीतला एक थांबला की सगळ्यांचा करंट अडतो. तीच सावली सगळ्या पट्ट्यांना आडवी कापत गेली तर प्रत्येकाचा थोडा थोडाच भाग झाकतो आणि करंट थोडासाच उतरतो. मुलांना वर बोलावून गवताची काडी आधी उभी, मग आडवी ठेवायला सांगितली. मीटरवरचा आकडा पडताना आणि चढताना त्यांनी स्वतः पाहिला. एवढ्या एका काडीत विद्युत मंडलाचा सगळा धडा आहे. आता पट्टी पसरताना आम्ही जवळच्या तारेची, खांबाची, बाभळीच्या फांदीची सावली कुठून येते ते बघून पट्टीची दिशा ठरवतो.

खरा प्रश्न होता उष्णतेचा, आणि तो पट्टीच्या नव्हे तर सेलच्या उष्णतेचा. बाजारात येणाऱ्या बहुतेक तयार सौर चार्जरमध्ये सेलची डबी पॅनेलच्या पोटाशीच चिकटवलेली असते. थंड देशात ते चालत असेल. निकेल मेटल हायड्राइडचे सेल पंचेचाळीस अंशांच्या वर नीट भरतच नाहीत. करंट आत जातो, पण त्यातला बराचसा नुसती उष्णता होऊन जातो आणि सेलचं आयुष्य घटतं. लिथियमच्या सेललाही भरताना तीच मर्यादा. मल्टिमीटरसोबत तापमान मोजायची वायर आली होती, ती लावून पाहिली. एप्रिलच्या दुपारी पत्र्यावर टेकलेली पट्टी साठ अंशांच्या वर आणि तिच्या खाली ठेवलेला होल्डर पन्नासच्या वर. सासूबाईंनी तो हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला. "अगं, सेल तापून फुटतेत की असं उन्हात," म्हणाल्या. त्यांचं भय रास्त होतं.

मग पट्टी उन्हात आणि सेल सावलीत, अशी सरळ विभागणी केली. घरी पट्टी माळवदावर आणि झरोक्यातून वायर आत सोडून होल्डर देवळीत. जाड मातीच्या भिंतीतली ती देवळी भर दुपारीही पस्तिशीच्या आत राहते. आखाड्यावर पत्र्याची खोली, तिच्यात दुपारी बाहेरच्यापेक्षा जास्त गरम. तिथं होल्डर खोलीत न ठेवता मागच्या कडुलिंबाच्या बुंध्याशी, माठाच्या शेजारी विटांच्या आडोशाला ठेवतो. पट्टी पत्र्यावर थेट टेकवत नाही. बांबूच्या कामट्यांची चौकट करून चार बोटं वर उचलली, खालून वारं खेळतं. वायर लांब झाली की थोडा व्होल्टेज वाटेत जातो, पण २०० मिलीअँपिअरला पाच-सहा मीटरची साधी तांब्याची वायर पुरते. माझ्या मते मराठवाड्यात हे काम करणाऱ्यानं एवढी एकच गोष्ट पाळली तरी निम्मं काम झालं. ऊन आपल्याकडं भरपूर आहे, वर्षाची सरासरी काढली तर एका चौरस मीटरवर दिवसाला पाच युनिटांच्या आसपास. सेल मरतात ते उन्हाच्या कमतरतेनं नाही, तापण्यानं.

आता वेळेचा हिशोब. पाच युनिट म्हणजे भर दुपारच्या उन्हाचे पाच तास, सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन धरून. पाच तास गुणिले २०० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला १००० मिलीअँपिअर-तास. सेल पूर्ण भरायला ३००० च्या आसपास लागतात, म्हणजे स्वच्छ उन्हाचे तीन दिवस. ऐकणाऱ्याला हे फार वाटतं. दिरांनाही वाटलं. "वहिनी, तीन दिवस म्हणजे तवर रात्रीची पाळी सरंल की." त्यांना म्हटलं, भावजी, दोन संच ठेवू. एक बॅटरीत, एक पट्टीला. तेव्हापासून आठ सेल आहेत, चारांवर लाल नखपॉलिशचा ठिपका, चारांवर काही नाही. दोघांच्या दोन बॅटऱ्यांत लाल ठिपक्याचे, तर पट्टीला बिनठिपक्याचे. संच कधी मिसळायचे नाहीत. चार सेल एका रांगेत भरताना त्यातला एक आधीच अर्धा भरलेला असेल तर तो ऊतू जातो आणि दुसरा उपाशी राहतो. दोन्ही बॅटऱ्या एकाच रात्री, सारख्याच चालतात, म्हणून चारही सेल जवळपास सारखे उतरतात. हे आमच्या कामाच्या रीतीतच बसलं.

सेल भरला का हे व्होल्टेजवर पाहायचं तर पट्टीवरून काढून काही तास तसाच ठेवावा. मग मीटरवर १.३५ च्या आसपास दाखवला तर तो भरला. १.२ म्हणजे बराचसा उतरलेला. १.० च्या खाली जाऊ देऊ नये. भरत आलेला सेल हाताला कोमट लागतो, तेवढं सालगड्याला पुरेसं आहे. तो मीटर लावत नाही, बोटं लावतो.

या सेलचा व्होल्टेज १.२, कार्बनच्या सेलचा १.५. त्यामुळं पहिल्या रात्री उजेड किंचित कमी वाटतो. पण कार्बनचा उजेड तासागणिक उतरत जातो, याचा जवळजवळ शेवटपर्यंत तसाच राहतो आणि मग लवकर संपतो. दारं धरणाऱ्याला पहिल्या तासाच्या लखलखाटापेक्षा पहाटेपर्यंत टिकणारा उजेड हवा असतो. मात्र संपताना फारशी पूर्वसूचना मिळत नाही, म्हणून रात्रीला निघताना दुसरा संच खिशात असलाच पाहिजे.

सेल विकत घेताना आकड्यांना भुलू नये. पेन्सिल सेलवर ३००० च्या पुढचा आकडा छापलेला असेल तर तो खोटा धरून चालावा, आजवरचे चांगले सेल २५००-२७०० च्या पुढे जात नाहीत. लिथियमच्या १८६५० सेलवर ९९०० लिहिलेलं सर्रास दिसतं. खरा चांगला सेल ३५०० च्या आसपास थांबतो. वजन करून पाहावं. २००० चा खरा पेन्सिल सेल २५ ते ३० ग्रॅम भरतो, त्याहून फार हलका असेल तर आत माल नाही. आणि 'लो सेल्फ डिस्चार्ज' लिहिलेलेच घ्यावेत. साधे सेल नुसते ठेवले तरी महिन्याभरात पाचवा हिस्सा किंवा अधिक गमावतात आणि उन्हाळ्यात त्याहून वेगानं. लो सेल्फ डिस्चार्जवाले वर्षभरानंतरही बरेचसे भरलेले राहतात.

बीपीच्या यंत्राला चार सेल लागतात, तिथं ही व्यवस्था छान बसली. रेडिओला दोन. पण भिंतीवरच्या घड्याळाला आणि रिमोटला मी हे सेल वापरत नाही. घड्याळ एका साध्या सेलवर वर्षभर चालतं, तिथं महागडा सेल अडकवून ठेवण्यात अर्थ नाही. एकदाच वापरायचे कार्बनचे किंवा अल्कलाइन सेल पट्टीला लावून भरू पाहू नयेत. आत वायू साठून ते फुगतात, गळतात. साखर तपासायच्या यंत्रातला बटणासारखा सेल तर मुळीच नाही. पेन्सिल सेलपेक्षा बारीक असणारे ट्रिपल ए सेल ८०० चे असतात, त्यांना २०० मिलीअँपिअर म्हणजे चौथा हिस्सा, हे जरा जास्त. ते एका दिवसाच्या उन्हात भरतात आणि संध्याकाळी आठवणीनं काढावे लागतात.

लिथियमच्या सेलला पट्टी थेट जोडणं धोक्याचं आहे. त्याला ४.२ व्होल्टला काटेकोर थांबावं लागतं, पुढं गेला तर आग लागू शकते. त्यासाठी टीपी ४०५६ नावाची चिप असलेली छोटी पाटी मिळते, संरक्षणासह घ्यावी. पण तिला आठ व्होल्टच्या वर देता येत नाही आणि माझी ७.२ व्होल्टची पट्टी सेल न लावता उन्हात धरली तर दहाच्या आसपास दाखवते. सेल लावल्यावर व्होल्टेज सेलच्या पातळीला उतरतो, म्हणून पेन्सिल सेलला काही अडचण नाही, पण त्या चिपला आहे. लिथियमची बॅटरी भरायची असेल तर कमी व्होल्टची पट्टी वेगळी घ्यावी. आमच्या घरात लहान मुलं आहेत, आखाड्यावर कडब्याची गंजी आहे. मी तरी निकेलच्या सेलवरच थांबले आहे.

ऋतूंप्रमाणं पट्टीची मांडणी बदलते. मेच्या मध्यात आमच्याकडं दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, काठीची सावली पडत नाही, तेव्हा पट्टी आडवी पसरली की झालं. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडं झुकून जेमतेम अठ्ठेचाळीस अंशांवर असतो, तेव्हा पट्टी चाळीस-पंचेचाळीस अंश तिरपी हवी. हिवाळ्यात रात्रीचं पाणी जास्त, ऊन कोवळं पण आभाळ स्वच्छ, आणि सेल थंड राहतात. भरण्यासाठी मला हाच काळ सर्वांत चांगला वाटतो. ऑक्टोबरात सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की मळणीयंत्राचा भुसा आणि धूळ सगळ्या आखाड्यावर बसते. पट्टीवर बोट फिरवलं तर रेघ उमटते. ओल्या मऊ फडक्यानं टिपायची, कोरडी घासायची नाही, नाहीतर वरचं प्लास्टिक ओरखडतं. हे प्लास्टिक कोणतं आहे तेही विचारावं. साधं पीईटी असेल तर काही वर्षांत उन्हानं पिवळं पडतं आणि करंट उतरतो. ईटीएफई असेल तर कितीतरी जास्त टिकतं, किंमत मात्र जास्त.

पावसाळ्यात झड लागली की पट्टीचं काही चालत नाही. आभाळ गच्च भरलं की करंट दहाव्या हिश्शावर येतो, कधी त्याहूनही खाली. पण तेव्हा उसाला पाणी द्यायचं कामही नसतं. लाईट जाते ती घरची, म्हणून जूनच्या आधी दोन्ही संच भरून ठेवते आणि मधे उघडीप पडली की पट्टी माळवदावर पसरते. सासूबाईंच्या उशाशी एक बॅटरी कायम असते. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्या औशाजवळच्याच गावात होत्या. अंधारात मातीच्या ढिगाऱ्यात हाक कुठून येते ते दिसत नव्हतं, असं त्या सांगतात. त्यांच्या बॅटरीतले सेल मी दर पंधरवड्याला बदलते, संपलेले असोत वा नसोत.

या सगळ्यात वीजबिल वाचतं का, असं शाळेतले सहकारी विचारतात. नाही वाचत. चार भरलेल्या सेलमध्ये मिळून दहा वॅट-तासही मावत नाहीत, म्हणजे एका युनिटचा शंभरावा हिस्सा. घरच्या प्लगवर त्याला काही पैसेच लागतात. पैसे वाचतात ते दुकानातले सेल न घेतल्यानं. असा एक सेल नीट वापरला तर पाचशे वेळा आणि त्याहून जास्त भरता येतो. पण माझ्या लेखी मोठी कमाई दुसरीकडं आहे. उकिरड्यावर सेल पडत नाहीत, आणि रात्री शेतात असलेल्या माणसाच्या हातात उजेड असतो.

निकेलचे सेलही कधीतरी मरतील. त्यात जुन्या निकेल कॅडमियम सेलसारखं विषारी कॅडमियम नाही, तरी ते मातीत जायला नकोत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणं वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचं पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. पण आमच्या गावात तरी असे सेल घेणारं कुणी नाही. शाळेत एक झाकणाचा प्लास्टिकचा डबा ठेवलाय, मुलं घरचे संपलेले सेल त्यात आणून टाकतात, कार्बनचेही. डबा भरला की मी लातूरला जाताना ई-कचरा घेणाऱ्याकडं देऊन येते. सातवीच्या मुलांनी स्वतःहून डब्यावर टोकांना चिकटपट्टी लावून मगच सेल टाकायचा नियम लिहून ठेवलाय, आणि ते तो पाळतात.

शेजारच्या दोन आखाड्यांवरून विचारणा झालीय. त्यांच्यासाठी पट्ट्या मागवायच्या आहेत, पण या वेळी वायरचे जोड सातवीच्या मुलांकडूनच डाकवून घेणार आहे. डाक द्यायची इस्त्री आणि सिलिकॉनची नळी आणून ठेवली आहे.